इंग्रजी विरुद्धार्थी शब्दांचा सराव: जोडी नंतर, वाक्य आधी

इंग्रजीच्या वहीत मधोमध रेघ ओढायची, डावीकडे शब्द आणि उजवीकडे त्याचा ‘अपोझिट’ लिहायचा, मग दोन्ही एका दमात पाठ करायचे, ही पद्धत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिने परीक्षेतले दोन-चार गुण मिळतातही. पण तीच मुले ‘लेंड’ म्हणायचे तिथे ‘बॉरो’ म्हणतात आणि ‘लाइट’चा उलटा शब्द ‘डार्क’ की ‘हेवी’ यावर अडतात. याला कारणे दोन. दोन्ही शब्द नवे असताना एकाच बैठकीत पाठ केले की जोडी लक्षात राहते, पण त्यातला कोणता कुठल्या बाजूचा याची सरमिसळ होते. आणि उलटा अर्थ एकट्या शब्दाला नसतो. वाक्यात तो शब्द कशाबद्दल बोलतो आहे त्यावर तो ठरतो.

पुढची पद्धत या दोन गोष्टी धरून बेतलेली आहे. ती पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. घरात आई, बाबा, ताई, दादा कोणीही ती घेऊ शकतात. फर्डे इंग्रजी येण्याची गरज नाही, शब्दकोश उघडायची तयारी मात्र हवी. इथे इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. मुलांनी वहीत लिहिताना ते इंग्रजी लिपीतच, स्पेलिंग शब्दकोशात बघून लिहायचे.

आधी एकच शब्द पक्का करा

‘डीप’ आणि ‘शॅलो’ हे दोन्ही शब्द मुलाला नवे असतील, तर आज फक्त ‘डीप’ घ्या. चार-पाच दिवस तोच वापरात ठेवा: डीप वेल, डीप रिव्हर, डीप कट. मुलगा न अडखळता स्वतःची तीन वाक्ये सांगू लागला की मग ‘शॅलो’ आणा. तेव्हा नवा शब्द ओळखीच्या शब्दाला टेकून बसतो आणि उलटसुलट होत नाही. जोडीतला एक शब्द आधीच येत असेल तर थांबायचे कारण नाही, दुसरा लगेच द्या. ‘हॉट’ येणाऱ्याला ‘कोल्ड’ शिकवायला कसलीच अडचण नसते; अडचण दोन्हीकडे अंधार असतो तेव्हाच होते.

दोघांपैकी आधी कोणता घ्यायचा? ज्याने माप विचारतात तो. आपण ‘विहीर किती खोल आहे?’ असे विचारतो, ‘किती उथळ आहे?’ असे सहसा विचारत नाही. इंग्रजीतही तीच रीत आहे: हाऊ डीप, हाऊ लाँग, हाऊ टॉल, हाऊ वाइड, हाऊ हेवी. पाच वर्षांच्या पोरालाही ‘हाऊ ओल्ड आर यू?’ असेच विचारतात, ‘हाऊ यंग’ नव्हे. म्हणून डीप, लाँग, टॉल, वाइड, हेवी, ओल्ड हे आधी. शॅलो, शॉर्ट, नॅरो, लाइट, यंग हे मागून.

जोडी पूर्ण झाली की दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसवायचे, आणि वाक्य ओळखीच्या जागेचे असावे. ‘द मलप्रभा इज शॅलो इन मे अँड डीप इन जुलै.’ खानापूरच्या मुलाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ‘कणकुंबी गेट्स हेवी रेन, अथणी गेट्स लाइट रेन’ हेही तसेच. पाठ्यपुस्तकात टेम्स नदी किंवा बर्फ असला तरी सरावाचे वाक्य आपल्या शिवारातले घ्या.

कार्डे आणि तीन खोकी

जुन्या लग्नपत्रिका साठवा. त्यांचा पुठ्ठा जाड असतो आणि कोरी बाजू लिहायला चांगली मिळते. साधारण 3 इंच लांब आणि 2 इंच रुंद असे तुकडे कापा. कार्डाच्या पुढच्या बाजूला पूर्ण वाक्य लिहा आणि ज्या शब्दाचा उलटा शब्द हवा त्याखाली रेघ मारा. मागच्या बाजूला तेच वाक्य उलट्या शब्दासह लिहा. नुसता एक शब्द लिहिलेले कार्ड करू नका. त्याने पुन्हा घोकंपट्टीच सुरू होते. मराठी अर्थ पुढच्या बाजूला लिहू नका, नाहीतर डोळा आधी मराठीकडे जातो आणि इंग्रजी वाचलेच जात नाही. लिहायचाच तर मागच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने.

चपलांची किंवा मिठाईची तीन रिकामी खोकी घ्या. पहिल्या खोक्यातली कार्डे रोज काढायची, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. कार्ड बरोबर आले की पुढच्या खोक्यात जाते. चुकले की कितीही पुढे गेलेले असो, पहिल्या खोक्यात परत येते. रोज नवी कार्डे पाचपेक्षा जास्त नकोत आणि बैठक 20 मिनिटांपेक्षा लांबवू नका. पहिल्या खोक्यात 25 च्या वर कार्डे साचली तर नवी कार्डे बंद करा, साठा उतरू द्या. बहुतेक घरांत सराव मोडतो तो इथेच: पहिल्या आठवड्यात उत्साहाने पन्नास कार्डे होतात, दुसऱ्या आठवड्यात ती बघायलाच वेळ पुरत नाही आणि खोके माळ्यावर जाते.

वाक्य पाहिल्यावर मुलाने मागच्या बाजूचे अख्खे वाक्य मोठ्याने म्हणायचे. नुसता ‘शॅलो’ म्हटला तर कार्ड पुढे सरकवू नका. थोडी सक्ती वाटेल, पण वाक्य म्हटले की शब्दाबरोबर ‘टू’, ‘फ्रॉम’, ‘ऑन’, ‘ऑफ’ हेही जिभेवर बसतात, आणि खरी गरज त्यांचीच असते.

शब्द कुठून आणायचे? आपल्या भागात इंग्रजी पाट्यांना तोटा नाही. रेल्वे स्टेशनवर अरायव्हल आणि डिपार्चर, बँकेच्या स्लिपवर डिपॉझिट आणि विथड्रॉवल, पासबुकात क्रेडिट आणि डेबिट, दुकानाच्या काचेच्या दारावर पुश आणि पुल, दवाखान्याच्या चिठ्ठीवर बिफोर फूड आणि आफ्टर फूड, साखर कारखान्याच्या आवारात लोड आणि अनलोड. मुलाला आठवड्याला अशा तीन पाट्या वहीत उतरवून आणायला सांगा. पाटीवरचा शब्द जिथे दिसला ती जागाही लिहायची, कारण जागा आठवली की शब्द आठवतो.

‘लाइट’ उलगडून बघा

एक शब्द घेऊन त्याच्या सगळ्या बाजू दाखवल्या की मुलांना वाक्याचे महत्त्व एका बैठकीत पटते. त्यासाठी ‘लाइट’ सर्वांत चांगला. सहा कार्डे करा:

बॅग लाइट असेल तर उलटी हेवी. खोली लाइट असेल, म्हणजे उजेडाची, तर उलटी डार्क. पाऊस लाइट असेल तर हेवी. रंग लाइट ग्रीन असेल तर डार्क ग्रीन. झोप लाइट असेल तर डीप. जेवण लाइट असेल तर हेवी मील.

सहा वाक्ये आणि उलटे शब्द तीन. ही कार्डे पिसून एकेक काढायला लावा. सुरुवातीला पोरे सगळीकडे ‘डार्क’ म्हणतात, कारण घरातला ‘लाइट’ तेवढा ओळखीचा असतो. चुकले की उत्तर सांगू नका. ‘लाइट काय आहे? बॅग की खोली?’ एवढेच विचारा. मूल स्वतःच सुधारते.

याच धर्तीचे आणखी शब्द: ‘ओल्ड’ माणूस असेल तर यंग, घर असेल तर न्यू. ‘राइट’ उत्तर असेल तर राँग, हात असेल तर लेफ्ट. ‘शॉर्ट’ माणूस असेल तर टॉल, दोरी असेल तर लाँग. ‘रफ’ फळी असेल तर स्मूद, समुद्र असेल तर काम (म्हणजे शांत), वही असेल तर फेअर. ‘हार्ड’ गादी असेल तर सॉफ्ट, गणित असेल तर ईझी. बोअरच्या ज्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही तेही ‘हार्ड वॉटर’च, आणि त्याचे उलटे ‘सॉफ्ट वॉटर’. आपण त्याला जड पाणी म्हणतो म्हणून मुले ‘हेवी वॉटर’ लिहितात, पण हेवी वॉटर हा वेगळाच पदार्थ आहे. कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रातल्या अणुभट्ट्यांत ते वापरतात.

आता दिशा उलटी करा आणि मराठी शब्दापासून निघा. ‘कच्चा’ घ्या. कच्चा आंबा म्हणजे रॉ मँगो, त्याच्या उलट राइप. कच्चे तांदूळ म्हणजे रॉ राइस, त्याच्या उलट कुक्ड. कच्चे दूध म्हणजे रॉ मिल्क, त्याच्या उलट बॉइल्ड. इथवर ‘रॉ’ चालला. पण कच्चा रस्ता अनपेव्ह्ड असतो आणि पक्का पेव्ह्ड. गणितात कच्चा असलेला मुलगा ‘वीक इन मॅथ्स’ असतो, त्याच्या उलट ‘गुड ॲट मॅथ्स’. इथे ‘इन’ जाऊन ‘ॲट’ आला हेही दाखवा. ‘जाड’, ‘बारीक’, ‘मोठा’, ‘ओला’ या शब्दांचे असेच एकेक पान होते. मुलाला ते स्वतः भरू द्या.

घरात तीन भाषा आहेत, त्यांचा उपयोग करा

सीमाभागातल्या मुलाच्या कानावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही भाषा पडतात. वर–खाली, मेले–केळगे, अप–डाउन. आत–बाहेर, ओळगे–होरगे, इन–आउट. मोठा–लहान, दोड्ड–सण्ण, बिग–स्मॉल. वहीत तीन रकाने करून अशा वीस जोड्या लिहिल्या तर शाळेतल्या कन्नडचाही सराव होतो. दोन भाषांत पक्की असलेली जोडी तिसऱ्या भाषेत लवकर बसते.

काही ठिकाणी मात्र या दोन्ही भाषा मिळून इंग्रजीत चूक करायला लावतात. मराठीत ‘हवे’च्या उलट ‘नको’ आहे, कन्नडमध्ये ‘बेकु’च्या उलट ‘बेड’. इंग्रजीत ‘नको’साठी असे सुटे क्रियापद नाही, ‘आय डोन्ट वॉन्ट इट’ असे पूर्णच म्हणावे लागते. मुलांच्या तोंडी ‘आय नो वॉन्ट’ येते ते त्यामुळे. ‘आहे–नाही’ आणि ‘इदे–इल्ला’ यांचेही तसेच. अशा शब्दांची कार्डे करताना उलट्या बाजूला नकाराचे वाक्यच लिहा, शब्द शोधत बसू नका.

निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’ म्हणतात. इंग्रजीत निघताना ‘आय ॲम गोइंग’ किंवा ‘सी यू’. पण खालून कोणी हाक मारली आणि तुम्ही त्याच्याकडे निघालात तर ‘आय ॲम कमिंग’. ऐकणाऱ्याकडे जायचे असेल तर ‘कम’, त्याच्यापासून दूर जायचे असेल तर ‘गो’. ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’चा हिशेब हाच. इथे दोन मुलांना खोलीच्या दोन टोकांना उभे करून एक डबा इकडून तिकडे न्यायला लावा, कागदावर समजवण्यापेक्षा ते लवकर कळते.

‘परवा’ हा शब्द मराठीत मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांना चालतो, त्यामुळे ‘डे बिफोर येस्टरडे’ आणि ‘डे आफ्टर टुमॉरो’ यांत गोंधळ होतो. इथे कन्नड मदतीला येते: मागच्याला मोन्ने, पुढच्याला नाडिद्दु. कन्नड बोलणाऱ्या मुलाला त्याच शब्दांवरून इंग्रजी जोडी द्या.

आणि ‘चालू–बंद’. दिवा, पंखा, मोटार, टीव्ही यांना टर्न ऑन–टर्न ऑफ किंवा स्विच ऑन–स्विच ऑफ. दार, खिडकी, वही, डोळे यांना ओपन–क्लोज. बसमध्ये चढणे-उतरणे गेट ऑन–गेट ऑफ, रिक्षात किंवा मोटारीत मात्र गेट इन–गेट आउट. कपडे घालणे-काढणे पुट ऑन–टेक ऑफ. ‘क्लोज द फॅन’ हे वाक्य इतके रुळलेले आहे की ते मोडायला पंधरवडा लागतो. त्यासाठी घरात प्रत्येक वेळी बटण दाबताना मुलाने वाक्य म्हणायचे, एवढा एकच उपाय लागू पडतो.

सगळे उलटे शब्द एका जातीचे नसतात

तीन जाती ओळखता आल्या तर पुष्कळ चुका टळतात. पहिल्या जातीत मधल्या पायऱ्या असतात. हॉट आणि कोल्डच्या मध्ये वॉर्म आहे, कूल आहे. म्हणून ‘द टी इज नॉट हॉट’ म्हणजे चहा गार आहे असे होत नाही, तो कोमटही असेल. अशा शब्दांची जोडी करण्याऐवजी शिडी करा: फ्रीझिंग, कोल्ड, कूल, वॉर्म, हॉट, बॉइलिंग. सहा कार्डे जमिनीवर ओळीने लावायला सांगा. ‘नॉट हॅपी’, ‘अनहॅपी’ आणि ‘मिझरेबल’ यांचीही अशीच शिडी होते.

दुसऱ्या जातीत मधले काही नसते. अलाइव्ह–डेड, प्रेझेंट–ॲबसेंट, ट्रू–फॉल्स, ऑड–ईव्हन. इथे ‘नॉट प्रेझेंट’ म्हणजे ॲबसेंटच. ओळखायची, बहुतेक वेळा चालणारी, सोपी खूण म्हणजे शब्दाआधी ‘व्हेरी’ लावून बघायचे. ‘व्हेरी हॉट’ चालते, ‘व्हेरी ॲबसेंट’ चालत नाही.

तिसरी जात देण्याघेण्याची, आणि सगळ्यात जास्त मेहनत तिच्यावर घ्यायला हवी. इथे एकच व्यवहार दोन बाजूंनी सांगितलेला असतो. बाय–सेल, गिव्ह–रिसीव्ह, लेंड–बॉरो, टीच–लर्न, एम्प्लॉयर–एम्प्लॉयी, लँडलॉर्ड–टेनंट. मराठीत ‘उसने’ हा शब्द दोन्हीकडे राहतो, फक्त ‘देणे’ आणि ‘घेणे’ बदलते. इंग्रजीत क्रियापदच बदलते. शिवाय सोबतचा शब्दही बदलतो: सेल टू, बाय फ्रॉम, लेंड टू, बॉरो फ्रॉम.

याचा सराव दोघांनी समोरासमोर बसून करायचा. मध्ये पेन, वही, पाच-सहा नाणी आणि एक रताळे ठेवा. सुनीता रमेशला पेन उसने देते. सुनीताने म्हणायचे, ‘आय लेंट माय पेन टू रमेश.’ रमेशने लगेच म्हणायचे, ‘आय बॉरोड अ पेन फ्रॉम सुनीता.’ मग रताळ्याचा सौदा: ‘आय सोल्ड अ स्वीट पोटॅटो टू रमेश’, ‘आय बॉट अ स्वीट पोटॅटो फ्रॉम सुनीता’. दहा व्यवहार झाले की जागा बदला. ‘लेंड मी’ आणि ‘बॉरो मी’ यांतला फरक वहीत दहा वेळा लिहून जेवढा ठसत नाही तेवढा या दहा मिनिटांत ठसतो, कारण वस्तू हातातून जाताना कोण कोणत्या बाजूला आहे ते डोळ्यांना दिसते. बेळगावच्या रविवार पेठेतल्या खरेदीवरूनही हाच सराव घेता येतो: घरी आल्यावर मुलाने आधी गिऱ्हाईक म्हणून, मग दुकानदार म्हणून तोच व्यवहार सांगायचा.

शब्दाला जोड लावून होणारे उलटे

आपण शक्यचे अशक्य करतो, हजरचे गैरहजर, पसंतचे नापसंत, सावधचे बेसावध. ‘गैरपसंत’ किंवा ‘बेशक्य’ कोणी म्हणत नाही. कोणत्या शब्दाला कोणता जोड हे मराठीत कानाने ठरते आणि इंग्रजीतही बरेचसे तसेच आहे. तरी काही आधार आहेत.

‘अन’ सर्वांत जास्त चालतो: अनहॅपी, अनसेफ, अनफेअर, अनराइप, अनपेड. शेवटी ‘ईडी’ असलेल्या शब्दांना बहुतेक वेळा हाच लागतो, जसे अनफिनिश्ड, अनएक्स्पेक्टेड. डिससॅटिस्फाइड हा अपवाद. ‘इन’ हा पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. पुढे ‘एम’ किंवा ‘पी’ आला की ‘इम’: इम्पॉसिबल, इम्पोलाइट, इम्मॅच्युअर. पुढे ‘एल’ आला की ‘इल’: इल्लीगल, इल्लिटरेट. पुढे ‘आर’ आला की ‘इर’: इर्रेग्युलर, इर्रिस्पॉन्सिबल. बाकीच्यांना ‘इन’च: इन्करेक्ट, इन्कम्प्लीट, इन्व्हिजिबल. संस्कृतातून आलेला आपला ‘अ’ स्वरापुढे ‘अन्’ होतो, आवश्यकचे अनावश्यक होते, हे मुलांना दाखवले की इंग्रजीतला बदल परका वाटत नाही.

नियम उलटा लावू नका. ‘पी’पुढे नेहमी ‘इम’ असे धरले की ‘इम्पॉप्युलर’ होते. खरा शब्द अनपॉप्युलर. तसेच अनप्लेझंट, अनलकी, अनरिअल, अनरिलायबल. ‘इम’, ‘इल’, ‘इर’ ही ‘इन’चीच रूपे आहेत, ज्या शब्दाला मुळात ‘अन’ लागतो त्याला ती लागत नाहीत. ‘डिस’चा वेगळा गठ्ठा करा: डिसॲग्री, डिसअपिअर, डिसऑनेस्ट, डिसओबे, डिसकनेक्ट. ‘मिस’ मात्र उलटा अर्थ देत नाही, ‘चुकीचे’ असा अर्थ देतो. मिसअंडरस्टँड म्हणजे न समजणे नव्हे, चुकीचे समजणे.

स्पेलिंगचा नियम एकच आहे आणि तो सहसा दगा देत नाही: जोड आणि मूळ शब्द जसेच्या तसे शेजारी लिहा, मधले अक्षर गाळू नका. ‘यू एन’ आणि ‘नेसेसरी’ जोडले की दोन ‘एन’ येतात. ‘आय एल’ आणि ‘लीगल’ जोडले की दोन ‘एल’. ‘डी आय एस’ आणि ‘सॅटिस्फाइड’ जोडले की दोन ‘एस’, पण ‘अपिअर’ला जोडले की एकच, कारण त्या शब्दाच्या सुरुवातीला ‘एस’ नाहीच. मुले डिसअपिअरमध्ये दोन ‘एस’ घालतात ती चूक या एका वाक्याने जाते.

नववी-दहावीच्या मुलांना एक खाचखळगा आवर्जून दाखवा. विशेषणाला ‘अन’ असला तरी नामाला ‘इन’ लागतो असे काही शब्द आहेत: अनेबल पण इनॅबिलिटी, अनईक्वल पण इनईक्वॉलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस, अनस्टेबल पण इनस्टॅबिलिटी. हे चार पाठच करावेत.

शेवटी ‘फुल’ असलेल्या शब्दाला ‘लेस’ लावून उलटा करायचा मोह होतो. केअरफुल–केअरलेस, यूजफुल–यूजलेस, हार्मफुल–हार्मलेस, पेनफुल–पेनलेस इथपर्यंत ठीक. पण ब्यूटिफुलच्या उलट अग्ली, सक्सेसफुलच्या उलट अनसक्सेसफुल. हेल्पफुलच्या उलट अनहेल्पफुल. हेल्पलेस म्हणजे असहाय, ती वेगळीच गोष्ट.

आणि दिसायला उलटे पण अर्थाने तसे नसलेले शब्द. इनव्हॅल्युएबल म्हणजे अतिशय मोलाचे. प्राइसलेस म्हणजे अनमोल. इनफेमस म्हणजे कुप्रसिद्ध, अप्रसिद्ध नव्हे. पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे, म्हणजे फ्लेमेबलचाच. उलटा शब्द नॉनफ्लेमेबल. या चौघांचे एक लाल कार्ड करून खोक्याच्या झाकणावर चिकटवा.

परीक्षेच्या तयारीला

विरुद्धार्थी शब्द येत असूनही गुण जातात ते रूप न जुळल्याने. नामाला नाम, क्रियापदाला क्रियापद, विशेषणाला विशेषण हवे. ‘सक्सेस’च्या उलट ‘फेल’ लिहिणारी मुले खूप. सक्सेसला फेल्युअर, सक्सीडला फेल, सक्सेसफुलला अनसक्सेसफुल, अशी तीन ओळींची चौकट वहीत करा. स्ट्रेंग्थ–वीकनेस, स्ट्राँग–वीक, स्ट्रेंग्थन–वीकन हीही तशीच. काळ आणि तुलनाही जुळली पाहिजे: प्रश्नात ‘बॉट’ असेल तर उत्तर ‘सोल्ड’, ‘सेल’ नव्हे, ‘हेविअर’ असेल तर ‘लाइटर’.

बाजारातल्या याद्या वापरताना त्यातल्या जोड्या तपासून घ्या. किंग–क्वीन, काउ–बुल या लिंगाच्या जोड्या आहेत. सन–मून, टेबल–चेअर हे शब्द सोबत येतात इतकेच, ते विरुद्धार्थी नव्हेत. शंका आली की विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा. चांगल्या शब्दकोशात शब्दाच्या प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाचे वाक्य असते आणि बऱ्याच ठिकाणी त्या अर्थाचा उलटा शब्दही दिलेला असतो. नोंदीतला पहिलाच अर्थ उतरवून मोकळे होऊ नका. प्रश्नातल्या वाक्याशी जुळणारा अर्थ सापडेपर्यंत खाली वाचा.

सहा-आठ मुलांचा गट जमत असेल तर शनिवारी दुपारी अर्धा तास तिसऱ्या खोक्यातली कार्डे एकत्र करा. एकाने वाक्य वाचायचे, पुढच्याने उलटे वाक्य सांगायचे, तिसऱ्याने ‘व्हेरी’ लावून ती कुठल्या जातीची जोडी ते ओळखायचे. चुकलेली वाक्ये एका वेगळ्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. महिन्याने ते पान काढले की एकाच प्रकारची चूक तीन-चारदा दिसते: कोणाची ‘टू–फ्रॉम’ची, कोणाची ‘इन–अन’ची. पुढच्या महिन्याची नवी कार्डे त्या चुकीवरच करा आणि बाकीच्या याद्या तोवर बाजूला ठेवा.